ब्राँझची चौकट आणि तिच्या आतली मोकळीक
वाचकांचे प्रश्न : बॉलरूम नृत्यस्पर्धांतील पातळ्या आणि अनुमत फिगर्स

प्रश्न : माझी मुलगी बोस्टनजवळच्या विद्यापीठात शिकते. ती कथक विशारद आहे. गेल्या ऑगस्टमध्ये ती तेथील बॉलरूम नृत्याच्या संघात दाखल झाली आणि तिला ‘न्यूकमर’ गटात घातले गेले. बारा वर्षे नृत्य शिकलेल्या मुलीला नवशिकी कसे म्हणतात? तिने थेट सिल्व्हरमध्ये उतरू नये का? आणि ही पातळी ठरवतो कोण?
— एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : तुम्हाला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्या शब्दात तिच्या कथकचा अनादर नाही. या स्पर्धांतील पातळी नर्तकाची एकूण योग्यता मोजत नाही. जोडीने, एकमेकांच्या पकडीत राहून, त्या विशिष्ट शैलीतली नृत्ये करण्याचा अनुभव किती आणि आजवरच्या स्पर्धांत यश किती, एवढेच ती सांगते.

अमेरिकेतील विद्यापीठीय स्पर्धांत शिडी साधारण अशी असते : न्यूकमर, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि त्यावर नॉव्हिस, प्री-चॅम्पियनशिप, चॅम्पियनशिप. ‘नॉव्हिस’ या शब्दाचा अर्थ नवशिका असा असूनही तो गट गोल्डच्या वर आहे, आणि त्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. गोल्डपर्यंतच्या पातळ्यांत कोणत्या फिगर्स (म्हणजे नाव दिलेले, ठरलेल्या पावलांचे छोटे गट) करायच्या याची यादी ठरलेली असते, म्हणून त्यांना सिलॅबस पातळ्या म्हणतात. नॉव्हिसपासून पुढे ही यादी संपते आणि खुले नृत्य सुरू होते. त्या खुल्या जगातला नवशिका, या अर्थाने ते नाव आले आहे.

तुम्ही विशारदचा उल्लेख केला आहे, म्हणून एक फरक आवर्जून सांगतो. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या परीक्षकासमोर उत्तीर्ण होऊन चढायच्या असतात. बॉलरूममध्येही ब्रिटिश संस्थांच्या अशा पदक-परीक्षा आहेत आणि त्यांनाही ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशीच नावे आहेत. स्पर्धेतले ब्राँझ मात्र निराळे आहे. ते उत्तीर्ण होऊन सोडायचे नसते, जिंकून सोडायचे असते. अमेरिकेतल्या विद्यापीठीय स्पर्धांत रूढ असलेल्या गुणपद्धतीत पहिल्या क्रमांकाला ३, दुसऱ्याला २ आणि तिसऱ्याला १ गुण मिळतो, आणि एखाद्या नृत्यात एखाद्या पातळीवर ७ गुण जमले की त्या नृत्यापुरती ती पातळी त्या नर्तकाला बंद होते. वरच्या पातळीवर मिळवलेले गुण लगतच्या खालच्या पातळीसाठी दुप्पट धरले जातात, म्हणजे सिल्व्हरमध्ये चमकलेल्या माणसाला ब्राँझमध्ये रेंगाळता येत नाही. हा हिशेब नृत्यानुसार होत असल्यामुळे एकच मुलगी चा-चामध्ये सिल्व्हर आणि वॉल्ट्झमध्ये ब्राँझ असू शकते. गुणांची नोंद स्पर्धकाने स्वतः प्रामाणिकपणे ठेवावी अशी अपेक्षा असते. निकाल जाहीर असतात, पण आधार विश्वासाचाच असतो, आणि मला या क्षेत्रातली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता सिल्व्हरविषयी. वरच्या गटात उतरायला सहसा बंदी नसते. बंदी असते ती खालच्या गटात उतरायला. त्यामुळे नियम तिला अडवणार नाहीत, पण तिने घाई करू नये असे मी म्हणेन. लयीची जाण आणि अंगातला डौल हे दोन्ही तिला कथकने दिलेले आहे. मात्र कथकची चक्कर डाव्या टाचेवर, स्वतःच्या एकटीच्या अक्षाभोवती घेतली जाते, तर वॉल्ट्झमधल्या स्पिन टर्नची गिरकी चवड्यावर, दोघांच्या मिळून असलेल्या अक्षाभोवती फिरते. शरीराला बारा वर्षांची सवय बाजूला ठेवायला वेळ लागतो. न्यूकमर हा गट बहुधा त्याच शैक्षणिक वर्षात बॉलरूम शिकू लागलेल्यांसाठी असतो, म्हणजे ही संधी एकदाच मिळते. ती तिला घेऊ द्या.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी लंडनमध्ये राहतो आणि दीड वर्ष बॉलरूम शिकतो आहे. व्हिडिओ पाहून मी आणि माझ्या पत्नीने वॉल्ट्झमध्ये कॉन्ट्रा चेक आणि फॉलअवे रिव्हर्स बसवले. आमच्या शिक्षिकेने ब्राँझच्या स्पर्धेआधी दोन्ही काढून टाकायला लावले. आम्हाला येते ते आम्ही का करू नये? आणि ‘अनुमत’ म्हणजे नेमके काय?
— एक वाचक, लंडन

उत्तर : तुम्ही ज्या शहरात राहता, तिथेच या यादीचा जन्म झाला आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतून आलेल्या नव्या संगीताने लंडनच्या नृत्यगृहांत अशी मोकळीक आणली की प्रत्येक शिक्षक आपापले पदन्यास शिकवू लागला आणि एका वर्गात शिकलेल्या माणसाला दुसऱ्या वर्गातल्या जोडीदाराबरोबर नाचता येईना. १२ मे १९२० रोजी ग्राफ्टन गॅलरीज येथे नृत्यविषयक मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी शिक्षकांची बैठक बोलावली, आणि तेथून प्रमाणीकरणाचे काम सुरू झाले. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या संस्थेने १९२४ मध्ये बॉलरूमची स्वतंत्र शाखा काढली आणि एकेक फिगर तपासून, मोजून लिहून काढली. आज जगभरच्या इंटरनॅशनल शैलीच्या याद्या या कामावर उभ्या आहेत. शिक्षकांच्या परीक्षांत असोसिएट, लायसेन्शिएट आणि फेलो अशा तीन पायऱ्या होत्या. ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्डच्या फिगर्स ढोबळमानाने त्यांच्याशी जुळतात.

वॉल्ट्झचेच उदाहरण घेऊ. क्लोज्ड चेंज, नॅचरल टर्न, रिव्हर्स टर्न, नॅचरल स्पिन टर्न, व्हिस्क, प्रॉमेनाडमधून (दोघे एकाच दिशेला उघडून उभे असतात त्या स्थितीतून) येणारा शासे (मध्ये पाय जुळवत टाकलेली तीन झटपट पावले), हेझिटेशन चेंज या ब्राँझच्या फिगर्स. सिल्व्हरमध्ये ओपन टेलिमार्क, विंग, आउटसाइड स्पिन, टर्निंग लॉक यांची भर पडते. (टेलिमार्क हे नाव नॉर्वेतल्या त्या नावाच्या प्रदेशातील बर्फावरच्या स्कीइंगमधील वळणावरून आले आहे.) लेफ्ट व्हिस्क, हव्हर कोर्टे, कॉन्ट्रा चेक आणि फॉलअवे रिव्हर्स व स्लिप पिव्हट या गोल्डच्या. म्हणजे तुम्ही दोघांनी दोन पायऱ्या ओलांडून उडी मारली होती, आणि तुमच्या शिक्षिकेने केले ते योग्यच केले.

परंतु ‘अनुमत’ म्हणजे यादीत नाव असणे, एवढेच नव्हे, आणि हा मुद्दा बहुतेक ठिकाणी नीट समजावला जात नाही. तंत्राच्या पुस्तकात प्रत्येक फिगरचा तक्ता असतो : पाऊल कुठे पडते, शरीराचे तोंड सभागृहाच्या कोणत्या दिशेला असते, वळण किती, शरीर कधी वर उठते आणि कधी खाली येते, टाच आधी की चवडा, झोक कोणत्या बाजूला, आणि कोणत्या मात्रेवर. नॅचरल टर्नमध्ये पुरुष भिंतीकडे तिरका तोंड करून निघतो, पहिल्या तीन पावलांत उजवीकडे तीन अष्टमांश वळतो, पुढच्या तीन पावलांत आणखी तीन अष्टमांश वळतो, आणि पाऊण वळण पूर्ण करून मध्याकडे तिरका येतो. पहिले पाऊल टाचेवरून चवड्यावर, दुसरे चवड्यावर, तिसरे चवड्यावरून टाचेवर. याखेरीज त्या फिगरच्या आधी काय येऊ शकते आणि नंतर काय, हेही लिहिलेले असते. ब्राँझमध्ये नाचताना या साऱ्याचे पालन अपेक्षित असते. नाव ब्राँझचे ठेवून मात्रा बदलली, पकड सोडली, मध्येच मान मागे टाकून एखादी स्थिर आकृती उभी केली, तर ती फिगर ब्राँझची राहत नाही. स्थानिक नियमांत थोडाफार फरक असतो, म्हणून ज्या स्पर्धेत उतरायचे तिचे नियमपत्रक शिक्षिकेबरोबर बसून वाचावे.

आता तुमचा खरा प्रश्न : येते ते का करू नये? कल्पना करा की फरशीवर बारा जोड्या आहेत आणि नृत्य दीड मिनिट चालते. म्हणजे परीक्षकाच्या वाट्याला प्रत्येक जोडीसाठी सरासरी साडेसात सेकंद येतात. तेवढ्या वेळात त्याने बारा निरनिराळ्या रचना एकमेकींशी कशा ताडून पाहाव्यात? सगळे जण नॅचरल टर्न करत असतील, तर कोणाची टाच खरोखर आधी टेकली, कोणाची पकड वळणात मोडली, कोण मात्रेच्या पुढे पळाला, हे लख्ख दिसते. आपल्याकडे शिकाऊ गायकाला यमनचे पलटे घोटायला लावतात ते त्याला तान येत नाही म्हणून नव्हे. स्वर जागेवर लागतो की नाही, ते तानेच्या वेगात कळत नाही म्हणून. ब्राँझची यादी हे पलट्यांचेच काम करते. आणि या फिगर्स पुढे टाकूनही द्यायच्या नसतात. जगज्जेत्या जोड्याही नॅचरल टर्न, स्पिन टर्न आणि फॉक्सट्रॉटमधले फेदर स्टेप व थ्री स्टेप नाचतात. त्यांच्या नृत्याची उंची आधी तिथेच दिसते. व्हिएनीज वॉल्ट्झच्या परंपरागत यादीत तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या फिगर्स आहेत, आणि तरी मिनिटाला ५८ ते ६० बारच्या (तालाच्या आवर्तनांच्या) गतीने त्या सफाईने करता येणे ही आयुष्यभराची साधना आहे.

प्रश्न : यादीबाहेरची फिगर केली तर पकडतो कोण? परीक्षक गुण कापतात का, की थेट बाद करतात?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : मोठ्या स्पर्धांत हे काम सहसा गुण देणाऱ्या परीक्षकांकडे नसते; त्यासाठी वेगळा अधिकारी असतो, त्याला इन्व्हिजिलेटर म्हणतात. तो फरशीच्या कडेला उभा राहून केवळ फिगर्स पाहतो. पहिल्या फेरीत चूक दिसली तर बऱ्याच ठिकाणी आधी ताकीद दिली जाते, आणि पुढच्या फेरीत तीच चूक झाली तर जोडीचा क्रमांक खाली ढकलला जातो किंवा जोडी बाद होते. ज्या गटात थेट अंतिम फेरीच असते तिथे ताकिदीला वाव राहत नाही, हे ध्यानात ठेवा. परीक्षकांच्या गुणांचे स्वरूपही समजून घ्या : आधीच्या फेऱ्यांत ते पुढे पाठवायच्या जोड्यांवर केवळ खूण करतात आणि अंतिम फेरीत क्रमांक देतात. निकाल बहुसंख्य परीक्षकांच्या मतावरून लावला जातो, त्याला स्केटिंग पद्धत म्हणतात. त्यामुळे ‘या फिगरचे इतके गुण’ असे काही नसते, आणि अवघड फिगर केल्याने आपोआप वर जाता येत नाही.

मला स्वतःला एकदा ताकीद मिळाली आहे. विद्यार्थीदशेत एका आंतरविद्यापीठीय स्पर्धेत ब्राँझ वॉल्ट्झ नाचत असताना एक जोडी अचानक आडवी आली. धडक टाळण्यासाठी मी डाव्या पायावर पुढे जाऊन थांबलो, शरीर डावीकडे वळले, आणि जोडीदार मागे झुकली. मला वाटले, मी चतुराईने वेळ निभावली. फेरीनंतर इन्व्हिजिलेटर बाई शांतपणे जवळ आल्या आणि म्हणाल्या, की तुम्ही केले ते कॉन्ट्रा चेक झाले. मी आडव्या आलेल्या जोडीविषयी सांगितले तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतले, आणि एकच वाक्य सांगितले : थांबायचे असेल तर हेझिटेशन चेंज आहे, ती ब्राँझमध्येच आहे. त्या दिवसापासून मी विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात हेझिटेशन चेंज शिकवतो, आणि गर्दीच्या फरशीवर ती कुठे वापरायची याचा सराव ती येताच लगेच करून घेतो. अडचणीच्या क्षणी शरीर सवयीचेच करते. म्हणून यादीतला मार्गच सवयीचा करायचा.

एक गोष्ट मात्र कोणत्याच पातळीवर चालत नाही, आणि ती म्हणजे उचल. जोडीदाराच्या आधाराने दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटले की ती उचल धरली जाते. शोडान्स किंवा कॅबरे यांसारख्या वेगळ्या गटांत तिला जागा आहे, पण नेहमीच्या स्पर्धेत चॅम्पियनशिपच्या जोडीलाही तिची परवानगी नाही.

प्रश्न : मी ह्यूस्टनमध्ये शिक्षकाबरोबर प्रो-ॲम गटात नाचते. एका स्पर्धेत ‘ब्राँझ’मध्ये जे चालले ते दुसरीकडे चालले नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत का?
— एक वाचिका, टेक्सास

उत्तर : होय, आणि यामागे एक मोठे कारण आहे. अमेरिकेत दोन शैली शेजारीशेजारी नांदतात. इंटरनॅशनल शैलीत स्टँडर्ड आणि लॅटिन असे दोन विभाग, आणि अमेरिकन शैलीत स्मूद आणि रिदम. स्टँडर्डमध्ये नृत्यभर बंद पकड सोडायची नसते. स्मूदमध्ये ती मोकळी करता येते, मात्र किती आणि कोणत्या पातळीपासून, याला नियम आहेत. नावे सारखी असली तरी पायऱ्यांची उंची वेगळी आहे. इंटरनॅशनल फॉक्सट्रॉटमध्ये पाय एकमेकांना ओलांडून सतत पुढे जाणारी फेदर स्टेप ब्राँझच्या पहिल्याच धड्यात येते, तर अमेरिकन फॉक्सट्रॉटमध्ये ब्राँझ म्हणजे पाय जुळवून संपणारी पावले, आणि ओलांडत जाणारी सलग चाल सिल्व्हरपासून. रुंबा तर दोन वेगळीच नृत्ये वाटावीत : अमेरिकन रुंबा चौकोनी पावलावर बसतो, इंटरनॅशनल रुंबात पाऊल दोन, तीन, चार-एक असे पडते. हा दुसरा प्रकार लंडनमध्ये रुजवण्याचे श्रेय तेथील नृत्यशिक्षक पियरे झुर्शर-मार्गोल यांच्याकडे जाते. १९४७ मध्ये क्यूबाला जाऊन तेथील नाचणारे पाहिल्यावर त्यांनी तो आग्रहाने शिकवला, आणि त्यावरून ब्रिटिश शिक्षकांत बरीच वर्षे वाद चालला.

शिवाय प्रो-ॲममध्ये एकाच पातळीचे ‘क्लोज्ड’ आणि ‘ओपन’ असे दोन उपगट असतात. क्लोज्ड ब्राँझमध्ये यादीबाहेर पाऊल टाकायचे नाही. ओपनमध्ये काही सवलत असते. पातळी ठरते ती विद्यार्थ्याच्या तयारीवरून, शिक्षकाच्या नव्हे. आपण प्रवेशअर्जावर नेमका कोणता शब्द लिहिला होता, तो एकदा पाहा. मला वाटते तुमचे उत्तर तिथे मिळेल.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी लॅटिन शिकते. तिच्यासाठी चमकीचा पोशाख शिवावा का?
— एक वाचिका, म्युनिक

उत्तर : शिवू नये. वर्ल्ड डान्सस्पोर्ट फेडरेशनच्या नियमांनुसार सर्वांत लहान गटातील मुलींच्या पोशाखावर खडे, टिकल्या वा चमकणारी सजावट चालत नाही, आणि टाचेची उंची साडेतीन सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. जर्मनीत तर डी आणि सी या सुरुवातीच्या वर्गांत फिगर्सवरही मर्यादा आहे. पैसे चांगल्या बुटांवर खर्च करा.

प्रश्न : आम्ही मडगावचे. मी ५८ वर्षांचा, पत्नी ५४ वर्षांची. लग्नाच्या हॉलमध्ये बँडवर आम्ही तीस वर्षे वॉल्ट्झ आणि जाइव्ह नाचत आलो आहोत. आता मुलाकडे टोरांटोला दीर्घ मुक्काम आहे. तेथील स्पर्धेत आम्ही कुठे बसतो? ब्राँझमध्ये गेलो तर आम्ही नवख्यांवर अन्याय करतो का?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला फार बरे वाटले. गोव्याच्या लग्नांतला नाच हा खरा नाच आहे. मुंबईच्या हॉटेलांतल्या नृत्यवृंदांत वाजवणारे कितीतरी वादक याच मातीतले होते, आणि त्या ठेक्यावर घडलेला कान तुमच्याकडे आहे. परंतु स्पर्धेच्या हिशेबात समारंभातला नाच अनुभव म्हणून मोजला जात नाही. गुण तुमच्या नावावर शून्य आहेत, त्यामुळे ब्राँझ हीच तुमची योग्य जागा आहे, आणि तिथे उतरण्यात कोणावर अन्याय नाही. न्यूकमर मात्र टाळा. तीस वर्षे जोडीने नाचलेल्यांनी त्या गटात जाणे मलाही प्रशस्त वाटत नाही.

वयाने तुम्ही सीनियर तीन गटात बसता : दोघांपैकी एकाने ५५ आणि दुसऱ्याने किमान ५० वर्षे गाठलेली असावीत, अशी आंतरराष्ट्रीय अट आहे. दोन गोष्टींची तयारी ठेवा. हॉलमध्ये ज्याला नुसते वॉल्ट्झ म्हणतात, त्याची स्पर्धेत दोन नृत्ये होतात : मिनिटाला २८ ते ३० बारचा संथ वॉल्ट्झ आणि त्याच्या जवळपास दुप्पट गतीचा व्हिएनीज. बँडवर तुम्ही बहुधा या दोहोंच्या मधल्या गतीला नाचत असाल. संथ वॉल्ट्झमध्ये तिसऱ्या मात्रेवर पाय जुळवून, वर उठलेले शरीर सावकाश खाली आणणे सुरुवातीला अंगावर येते.

जाइव्हमध्ये अडचण उलटी आहे. तिथे गती ४२ ते ४४ बारची असते आणि दोन्ही शासे स्पष्ट दिसावे लागतात. पण लिंक, उजवीकडून डावीकडे व डावीकडून उजवीकडे जागा बदलणे, पाठीमागे हात बदलणे, अमेरिकन स्पिन, व्हिप, या सगळ्या ब्राँझच्याच फिगर्स आहेत. यातल्या निम्म्याहून अधिक, नावे ठाऊक नसताना, तुम्ही दोघे मडगावच्या हॉलमध्ये करत आला असाल. टोरांटोतल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी आपला जाइव्ह आहे तसा नाचून दाखवा, आणि कोणत्या फिगरला काय म्हणतात ते त्याच्याकडून लिहून घ्या.